गौराक्कांना अमेरिकन केलं त्याची गोष्ट

नागरिकशास्त्र शिकवायला मिळावं म्हणून एखाद्या शिक्षकानं हेडमास्तरांकडे अर्ज केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हा विषय मागून मिळत नाही, वाट्याला येतो. धाकट्या भावाला थोरल्याचा सदरा येतो तसा. सोलापुरातल्या एका जुन्या हायस्कुलात मी गेली बावीस वर्षं इतिहास शिकवतो आणि इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं नागरिकशास्त्र. आमच्या भागातल्या भाषेत सांगायचं तर इतिहास ही भाकरी आणि नागरिकशास्त्र ही ताटाच्या कडेची चटणी. फरक इतकाच, की आमच्या गावात चटणीसाठी माणसं जीव टाकतात.

बाहेरच्यांना आमचं काम माहीत नसतं, म्हणून सांगतो. जूनमध्ये लढायांना सुरुवात होते. त्या जानेवारीपर्यंत चालतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की वीस मार्कांची राज्यघटना राहिली आहे. मग पंधरा दिवसांत राष्ट्रपती, राज्यसभा, पंचायत समिती या सगळ्यांना एका रांगेत उभं करून आम्ही मुलांच्या डोक्यातून पार करतो. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा आणि पूर्ण वाक्यात उत्तर लिहा. या शेवटच्या गोष्टीवर माझा फार भर. राष्ट्रपतींची मुदत किती, याला नुसतं ‘पाच वर्षे’ असं उत्तर आलं की मी अर्धा मार्क कापतो. ‘राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षे असते’ असं हवं. का हवं, हे बावीस वर्षांत एकाही मुलानं विचारलं नाही, हे माझं नशीब.

पुढची गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली आहे, की पोरं माझ्यापुढं दोन वाक्यं असतात. मेथी निवडता निवडता बायको मध्येच ‘आता शेहेचाळीस तारे’ म्हणते आणि माझी हवा काढून घेते. शेवट मात्र मी घरी एक सांगतो, आणि घडला होता दुसरा. तो इथं लिहितो. आमच्या घरात दिवाळी अंक सगळे चाळतात, पण माझा लेख शेवटपर्यंत कुणी वाचत नाही, त्यामुळे धोका कमी आहे.

पंचाहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर मल्लिनाथ मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. मल्लिनाथ कमी बोलणारा माणूस. तो स्वतःहून येऊन बसला म्हणजे काहीतरी काम होतं.

“सर, अमेरिकेचं नागरिकशास्त्र येतं का तुम्हाला?”

“मला भारताचं येतं की नाही, याबद्दल हेडमास्तरांना शंका आहे. का?”

“सासूबाईंची परीक्षा आहे.”

त्याच्या सासूबाई म्हणजे गौरव्वा. पेठेत सगळे त्यांना गौराक्का म्हणत. नवरा भुसार मालाचा व्यापारी होता, तो वारून दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या लेक-जावयाकडंच राहायच्या. मुलगा बसू डॉक्टर होऊन अमेरिकेत गेला, तिथलाच नागरिक झाला आणि त्यानं आईला कायमचं नेलं. कायमचं म्हणजे कागदावर. तिथं राहायचं हिरवं कार्ड असतं. ते हातात असलं की राहायला हरकत नाही, पण इकडं येऊन फार दिवस बसलं की ते कार्ड मरतं. गौराक्कांना तिकडं चार-साडेचार वर्षं झाली होती. पाच झाली की नागरिक होण्याची परीक्षा देता येते. त्या सहा महिन्यांच्या आत परत जायचं अशा बोलीवर आल्या होत्या. आल्या होत्या त्या लेकीसाठी. मल्लिनाथची बायको शांता. लग्नाला चौदा वर्षं झाली, दोनदा पोटातच गेलं आणि आता छत्तिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा दिवस गेले होते. बाळंतपण एप्रिलात होतं आणि आक्कांना फेब्रुवारीत परत जायचं होतं.

“परीक्षा पास झाली की कुणी तारीख सांगणार न्हाई,” पहिल्याच दिवशी आक्कांनी मला सांगितलं. “बसूचं म्हणनं तसं हाय. नागरिक झालीस की कवाबी जा, कवाबी ये. आवंदा जमत न्हाई. पन पुडच्या बारीला शांतीजवळ मला पायजे तितकं ऱ्हायचंय. त्येच्यासाठी करायचं हे सगळं. न्हाईतर ह्या वयात मला कशाला पायजे शाळा?”

अमेरिकन व्हायचं ते सोलापुरात राहता यावं म्हणून. मला हे इतकं सरळ वाटलं, की मी दुसरा विचारच केला नाही. एक लक्षात ठेवा, दुसरा विचार करणं हे माझं काम होतं.

शिकवणी त्यांच्याच घरी, संध्याकाळी. गिरणीचा भोंगा झाला की मी चपला घालायचो. फी घ्यायची नाही असं मी मोठ्या मनानं ठरवलं होतं. ते मोठं मन आक्कांच्या कडक भाकरीवर आणि शेंगाच्या चटणीवर पोसलं गेलं, हे बायकोचं म्हणणं मी इथं नोंदवून ठेवतो.

पुस्तक म्हणजे एक निळसर, पातळ पुस्तिका. आक्कांनी ती तिकडून आणली होती. प्रश्न इंग्रजीत, खाली उत्तर इंग्रजीत. परीक्षा तोंडी. एक साहेब समोर बसतो, विचारतो, आणि एखादं वाक्य लिहायला सांगतो. आक्का कानडी चौथी शिकलेल्या. मराठी बोलायच्या ते कानडीत बुडवून. इंग्रजी नातवंडांकडून आलेलं, त्यामुळे त्यांना ‘हात धू’, ‘पळू नको’ आणि ‘दूध संपव’ हे उत्तम येत होतं. सिनेट येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. बी.ए.ला परदेशी राज्यघटनांचा एक पेपर होता, त्यात मी अमेरिका पर्यायी प्रश्न म्हणून सोडली होती. मग मी वाचनालयातून एक जाडजूड जुनं पुस्तक आणलं आणि आक्कांच्या एक दिवस पुढं राहायला लागलो. एकदा मला ताप आला, तर आम्ही दोघं एकाच पानावर आलो.

पहिला प्रश्न झेंड्याचा. तारे किती, पट्टे किती, कशाचे. मल्लिनाथनं ड्रॉइंग पेपरवर झेंडा रंगवून भिंतीला लावला. पट्टे तेरा, सुरेख. आक्कांनी चष्मा लावला आणि तारे मोजले. परत मोजले.

“जावईबापू, शेचाळीस हायती.”

“जागा संपली,” मल्लिनाथ म्हणाला.

“चार राज्यं बुडवलीसा की.”

तो झेंडा तसाच राहिला. प्रश्न आला की आक्का झेंड्याकडं बघायच्या आणि ‘अधिक चार’ म्हणून उत्तर द्यायच्या.

मी शिकवायचो कसं? मला एकच पद्धत येते. उभं राहायचं, हात मागं, प्रश्न आधी पूर्ण म्हणायचा, मग उत्तर पूर्ण वाक्यात. साठीची बाई लेकीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, “द प्रेसिडेंट इज इलेक्टेड फॉर फोर इयर्स.” मी म्हणायचो, शाबास, बसा. आणि त्या बसायच्या.

पाठ लवकर व्हायचं. पण आक्का नुसतं पाठ करणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि तिथं माझी पंचाईत व्हायची. एक दिवस त्यांनी विचारलं, “अध्यक्षाला लोक निवडत्यात म्हणतासा. मंग आत्ताचा कुनी निवडला?”

मी ठोकून दिलं, “लोकांनीच.”

“न्हाई की. बसू सांगत हुता. आदला अर्ध्यात सोडून गेला, म्हणून हा आला. आनि हा बी आदी उपाध्यक्ष म्हणून निवडून आला न्हवता. त्येला मागनं बसवला. मंग ह्येला मत कुनी दिलं?”

मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं उपसली. आक्कांचं बरोबर होतं. देशाचा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, दोघंही त्या वेळी लोकांच्या एकाही मताशिवाय खुर्चीत होते, आणि घटनेला धरून होते. मी ते येऊन सांगितलं. वाटलं, विद्यार्थी आपल्यापेक्षा हुशार असल्याचं दुःख होईल. झालं नाही. बावीस वर्षांत या विषयात मला कुणी उलटा प्रश्न विचारला तो पहिलाच.

सरकारचे तीन भाग मी त्यांना घरावरून शिकवले. कायदा करणारे, तो चालवणारे आणि दोघांच्या चुका काढणारे. आक्का म्हणाल्या, “म्हंजे सून ठरवती, ल्योक करतो आन सासू खोट काढती.” मी म्हटलं, अगदी तसंच. त्या म्हणाल्या, “मंग मी तिकडं सुप्रीम कोर्टच की. पन माजा निकाल कोन मानतंय?”

आतून शांता हसली. ती हसली की आक्का सगळं सोडून तिकडं बघायच्या.

ते दिवस आणीबाणीचे होते, हे आजच्या वाचकांना सांगायला नको. पुस्तिकेत पुढं हक्कांचा भाग आला. बोलण्याचं स्वातंत्र्य, लिहिण्याचं, जमण्याचं. मी तो भाग जरा हलक्या आवाजात शिकवला. खिडकी रस्त्यावर होती.

“हे लिवलंय तसं हाय व्हय तिकडं?” आक्कांनी विचारलं.

“असावं. तुम्ही राहता, तुम्हीच सांगा.”

“दुकानात बडबडत्यात बाई लोक, सरकारला शिव्या देत्यात. आन हितं?”

“इथंही आहे. पुस्तकात आहे.”

“त्ये कवा शिकवता?”

“फेब्रुवारीत.”

आक्कांनी खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, “चा घ्या.”

जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली. जत्रेनंतर आठवीची घटक चाचणी असते, तिच्यापुरता नागरिकशास्त्राचा पहिला धडा मी आधीच उरकलेला असतो. मी रविवारी सकाळी गठ्ठा घेऊन तपासायला बसलो. पहिला प्रश्न रिकाम्या जागांचा. ‘भारतात ____ नागरिकत्व आहे.’ उत्तर, एकेरी. मार्क एक.

हा प्रश्न मी दरवर्षी घालतो, कारण तो कुणाचा चुकत नाही. पहिला पेपर, एकेरी. दुसरा, एकेरी. तिसऱ्यानं रेफ नको तिथं दिला होता, पण एकेरी. असे वीस-बावीस पेपर झाले असतील, आणि माझा लाल पेन थांबला.

एकेरी म्हणजे काय, हे पुस्तकात पुढच्याच ओळीत आहे. दोन्हीकडचं चालत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं, की इथलं जातं. मी हे वाक्य फळ्यावर दरवर्षी लिहीत आलो होतो. त्या वाक्यात कुणी माणूस असतो, हे मला कधी दिसलं नव्हतं. दोन महिने मी एका बाईला पन्नास राज्यं, शंभर सिनेटर आणि तेरा पट्टे शिकवत होतो, आणि ती जे सोडून चालली होती त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. ते सांगायला सोलापुरात माझ्याइतका लायक माणूस नव्हता. मला त्याचाच पगार मिळत होता.

उठून लगेच सांगायला गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी उरलेले पेपर तपासले. त्या आठवड्यात दोन वेळा शिकवणी झाली, दोन्ही वेळा मी ते तोंडात घोळवलं आणि गिळलं. एक तर वाटलं, मुलगा डॉक्टर आहे, त्यानं सांगितलंच असेल. दुसरं कारण लिहायला लाज वाटते. आक्का इतक्या छान तयार झाल्या होत्या, की मला त्या पास व्हायला हव्या होत्या. माझा एक विद्यार्थी अमेरिकेच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास, हे मी स्टाफरूममध्ये कसं सांगेन, तेसुद्धा ठरवून झालं होतं.

जायच्या तीन दिवस आधी शेवटची उजळणी होती. ती झाली. आक्कांचा एकही प्रश्न चुकला नाही. मग मी सांगितलं. भारतात एकेरी नागरिकत्व आहे, पूर्ण वाक्यात.

आक्का उभ्याच होत्या. “म्हंजे?”

“म्हणजे तिकडं शपथ घेतली, की तुम्ही भारताच्या नागरिक राहत नाही.”

“हे घर?”

“घर लेकीचं आहे. ते कुठं जात नाही. यायचं तर पाहुणी म्हणून येता येईल, त्यांचा शिक्का घेऊन.”

“आन मत?”

“मत देता येणार नाही.”

त्या खाली बसल्या. शांता दारात येऊन उभी राहिली होती. मग आक्कांनी जे सांगितलं ते मी घरी सांगताना नेहमी गाळतो.

पहिली निवडणूक व्हायची होती, तेव्हा मतदारांची नावं लिहायला एक माणूस दारात आला. सासऱ्यांनी पुरुषांची नावं सांगितली आणि बायकांचं म्हणून सांगितलं, लिहा, शिवप्पाची बायको. आक्का आत पीठ मळत होत्या. सून सासऱ्यांसमोर बोलत नसे. त्या दाराआडून मोठ्यानं म्हणाल्या, “गौरव्वा. नाव गौरव्वा हाय.” सासरे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण नाव लागलं.

“छापून आलेलं माजं नाव म्हंजे त्येवडं एकच, मास्तर. लग्नाच्या पत्रिकेत बी वडलांची मुलगीच हुते. दर बारीला जायची. दोन्ही बाजूचे लोक यायचे सांगायला, कुनाला दे म्हणून. मी सगळ्यास्नी व्हय म्हणायची.”

मी म्हटलं, “आक्का, मी आधी सांगायला हवं होतं.”

“बाजारात बी भाव आदी सांगत्यात,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “माल बांधून डोक्यावर दिल्यावर न्हाई.”

शांता म्हणाली, “अव्वा, नको करूस. माझं होईल सगळं. इथं लोक आहेत.”

आक्कांनी तिच्या पोटाकडं पाहिलं. “आवंदा तर मला जायाच पायजे. पुडल्या खेपंला तरी कुनी तारीख सांगू नये,” असं म्हणून त्या परत उभ्या राहिल्या. हात मागं. “विचारा. सिनेटपासनं.”

एप्रिलात शांताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आजी नव्हती.

उन्हाळ्यानंतर आक्का पास झाल्याचं पत्र आलं. परीक्षेची हकीकत मात्र मला त्यांच्या तोंडून कळली, सत्त्याहत्तरच्या शेवटी त्या आल्या तेव्हा. साहेबानं पहिला प्रश्न विचारला, आणि आक्का उभ्या राहिल्या. तो म्हणाला, बसा. बसल्या. दुसरा विचारला, परत उभ्या. चौथ्या प्रश्नाला त्यानं बसा म्हणणं सोडून दिलं. ताऱ्यांचं विचारलं तेव्हा यांनी पूर्ण वाक्यात सांगितलं, की झेंड्यावर पन्नास तारे असतात आणि माझ्या जावयानं शेहेचाळीस काढले होते. साहेब हसला म्हणे. शेवटी त्यानं विचारलं, की जुन्या देशाचं नातं तुम्ही सोडताय, हे तुम्हाला समजलं आहे ना?

“मग? काय सांगितलंत?”

“सांगितलं, माय टीचर टोल्ड मी. लेट. बट टोल्ड.”

या वाक्यावर मी घरी हसतो.

आक्का आल्या त्या व्हिसा घेऊन. त्यावर तारीख होती. आणि बरेच दिवस राहायचं असेल तर पोलिसांकडं परदेशी म्हणून नोंद करायची, असं कळलं. मीच घेऊन गेलो, प्रायश्चित्त म्हणा. तिथला लेखनिक माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं खुर्ची दिली, रजिस्टर काढलं आणि माझ्या मागं पाहिलं.

“सर, फॉरेनर कुठाय?”

“या.”

त्यानं आक्कांकडं पाहिलं. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, कडेवर नात.

“सर, ही तर गौराक्का की. आमच्या आईची मैत्रीण.”

“व्हय रं,” आक्का म्हणाल्या. “लिव. तुजी आई बरी हाय का?”

तो बिचारा नियमानं एकेक रकाना भरत गेला. येण्याचं कारण, या रकान्यापाशी तो अडला. आक्कांनी नातीला त्याच्या टेबलावर बसवलं. “हे कारन.” त्यानं विचार करून लिहिलं, ‘नात’. पूर्ण वाक्यात नाही. मी मार्क कापला नाही.

परत जाताना रिक्षात आक्का म्हणाल्या, “अमेरिकेची तारीख गेली मास्तर, हितली आली.” बाकी काही नाही. त्यांना हवं होतं ते एवढंच, की कुणी तारीख सांगू नये. मी सोबत पन्नास राज्यं दिली होती आणि नेमकं तेच द्यायचं राहिलं होतं.

आता तो शेवट.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. निवडणूक म्हणजे शिक्षकांचं सुगीचं काम. पेटी, लाख, सुतळी, शाईची बाटली आणि तहसीलदारांची सही असलेला हुकूम. मला केंद्राध्यक्ष म्हणून नेमलं होतं आणि केंद्र मिळालं ते आक्कांच्या पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत. शांता आणि मल्लिनाथ सकाळी मत देऊन गेले. दुपारी ऊन चढल्यावर बायकांच्या रांगेत मला इरकली लुगडं दिसलं, कडेवर नात.

मला वाटलं, सहज आल्या असतील. पण रांग पुढं सरकली तशा त्याही सरकल्या. यादीत घरोघरची नावं तशीच पुढं आलेली असतात. आक्कांचं नाव कुणी काढलं नव्हतं, त्यांची चिठ्ठी घरी पोचली होती. पहिल्या टेबलावर एक बँकेतला कारकून बसला होता. त्यानं चिठ्ठी घेतली, यादीत बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, “गौरव्वा शिवप्पा.” बाकावर बसलेल्या उमेदवारांच्या माणसांनी वर पाहिलं. एक जण म्हणाला, डॉक्टरची आई. कुणाची हरकत नव्हती. त्यांना माहीत नव्हतं. त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. “सर, ओळख?”

घरी मी सांगतो, की मी उठलो, कायदा सांगितला, आणि जड मनानं त्यांना थांबवलं. मुलांना ते आवडतं. बाप कर्तव्याला चुकला नाही.

मी म्हणालो, “मी ओळखतो. बरोबर आहे.”

इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवणारा केंद्राध्यक्ष मी. दाराआडून ओरडलेलं ते नाव डोळ्यांपुढं होतं, आणि मला वाटलं, एक मत, कुणाचं काय जातं. माझ्याकडून गेलं होतं ते मी माझ्या हातानं परत देत होतो. कारकुनानं लाल पेन उचलला. मतदान केलेल्याच्या नावाखाली रेघ मारतात, ती मारायला.

“थांब रे बाबा,” आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “मास्तर, चुकलं की उत्तर.”

कारकुनाचा पेन यादीवर तसाच राहिला.

“नाव हाय का, त्येवडं बघाया आलते. दाखवा.”

मी उठून यादी त्यांच्याकडं फिरवली. देवनागरी त्यांना जेमतेम वाचता यायची. मी ओळ दाखवली. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं. नातीनं पण वाकून बोट ठेवलं, शाईच्या बाटलीवर. दुसऱ्या टेबलावरच्या माणसानं बाटली मागं घेतली.

“हिचं नाव कवा लागल?”

“एकविसाव्या वर्षी.”

“लई येळ हाय. पाठ करून घ्या तंवर,” असं म्हणून त्यांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “आन हिला आदी सांगा, भाव काय त्यो.”

रांगेतली मागची बाई म्हणाली, “आवो, सरका की, उनात उभ्या हावोत आमी.” आक्का सरकल्या, आणि आल्या तशा दारातून बाहेर गेल्या.

संध्याकाळी पेटीला लाख लावली, यादीची प्रत पाकिटात घालायच्या आधी नियमाप्रमाणे मी पानं पाहून घेतली. मल्लिनाथच्या घराच्या नंबरासमोर तीन नावं होती. मल्लिनाथच्या खाली रेघ होती, शांताच्या खाली होती. तिसऱ्या नावाखाली कागद कोरा होता, आणि एका लहान बोटाचा शाईचा डाग होता. पानावर खाडाखोड किंवा डाग असल्यास केंद्राध्यक्षानं कारण लिहून सही करायची असते. मी पेन उघडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पूर्ण वाक्य सुचलं नाही. मी लिहिलं, ‘नात’, आणि खाली सही केली.